रोल्स-रॉईसची चिलखती गाडी समोर आली तर तिची सगळी नोकरी कशी शोधून काढायची

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलेला माणूस बहुतेक वेळा पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यासमोर फोटो काढतो, सेंच्युरियन रणगाड्याभोवती एक चक्कर मारतो आणि बाहेर पडतो. तिथेच एक रोल्स-रॉईसची आर्मर्ड कार उभी आहे, तिच्यापाशी फार कुणी थांबत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पॅटनची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, पण या जातीच्या गाड्या १९१४ पासून १९४१ पर्यंत डंकर्क, नामिबिया, लिबिया, इराक, आयर्लंड, वायव्य सरहद्द अशा कुठे कुठे फिरल्यात आणि दोन महायुद्धं लढल्यात हे वाचायला लागलं की माणूस थक्क होतो. म्हणून हे लिहितोय. नगरला जाणार असाल, परदेशात एखाद्या म्युझियममध्ये अशी गाडी दिसली असेल, जुना फोटो हाती लागला असेल किंवा मॉडेल बनवायला घेतलं असेल, तर त्या गाडीने युद्धात आणि युद्धानंतर काय काय केलं हे कसं शोधायचं ते सांगतो.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या गाडीला एक वय नसतं. चेसिसचं म्हणजे खालच्या सांगाड्याचं वय वेगळं, वरच्या चिलखताचं वेगळं, टरेटचं म्हणजे मशीनगनच्या फिरत्या बुरुजाचं वेगळं आणि चाकांचं तर अजूनच वेगळं. आपल्याकडे जुना वाडा असतो ना, जोतं पेशवाईतलं, माडी इंग्रजांच्या काळातली आणि वर पत्रे परवा टाकलेले, तसंच हे. त्यामुळे पाटीवर एकच साल लिहिलेलं असेल तर ते नेमकं कशाचं साल आहे हा पहिला प्रश्न विचारायचा. लोक चुकतात ते इथेच, चेसिसचं साल घेतात आणि टरेटची गोष्ट त्याला जोडून देतात.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण हिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. खालची गाडी म्हणजे रोल्स-रॉईसची ४०/५० हॉर्सपॉवर, जिला सगळे सिल्व्हर घोस्ट म्हणतात, सहा सिलिंडरचं साधारण साडेसात लिटरचं इंजिन. ऑगस्ट-सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानशाखेची एक तुकडी फ्रान्समध्ये डंकर्कला होती, कमांडर चार्ल्स सॅमसन तिचे प्रमुख. त्यांची माणसं मोटारी घेऊन पडलेल्या वैमानिकांना शोधायला आणि जर्मन कुठवर आलेत ते बघायला जायची. वाटेत गोळीबार व्हायला लागला तेव्हा तिथल्याच जहाजबांधणीच्या कारखान्यातून बॉयलरचा पत्रा आणून गाड्यांना ठोकला. यातून कल्पना पुढे गेली, नौदलाने सिल्व्हर घोस्टच्या चेसिस ताब्यात घेतल्या, वर नीट चिलखत, फिरणारं टरेट आणि त्यात .३०३ ची व्हिकर्स मशीनगन, आणि अशा पहिल्या तीन गाड्या ३ डिसेंबर १९१४ ला मिळाल्या. म्हणजे कल्पना ते गाडी जेमतेम तीन महिने. वजन साधारण पावणेपाच टन, पत्रा जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, माणसं तीन, वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धात अशा साधारण १२० गाड्या बनल्या. आकडे लहान वाटतील, पण त्या काळात घोड्यावर बसलेल्या शत्रूसमोर हा वेग काय असेल बघा.

आता प्रत्यक्ष गाडीपाशी. पाटी शेवटी वाचायची. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि खालून वर बघत चला.

पहिलं चाक. तारेच्या आऱ्यांची चाकं असतील तर ती १९१४ च्या नमुन्याची खूण, म्हणजे नौदलाच्या पहिल्या गाड्यांची. भरीव तबकडीसारखी चाकं असतील तर १९२० चा नमुना किंवा त्यानंतरचा. मागे जोडचाकं आहेत का बघा, वजन पेलायला ती लागायची. पण चाकावरून एकदम निकाल देऊ नका, कारण चाकं ही सगळ्यात सहज बदलली जाणारी वस्तू आहे. वर्कशॉपमध्ये जे मिळेल ते बसवायचे, आणि म्युझियमसाठी गाडी सजवताना तर हमखास बदलतात, कधी त्या मापाचे टायरच मिळत नाहीत म्हणून. चाकाचा पुरावा वहीत लिहा पण त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवा.

मग पुढे या आणि रेडिएटर बघा. त्याच्यासमोर चिलखती झडपा असतात, आतून उघडबंद करता येणाऱ्या. गोळीबार असेल तर बंद, पण फार वेळ बंद ठेवल्या तर इंजिन तापतं, वाळवंटात तर विचारूच नका. १९२० च्या नमुन्यात रेडिएटरचं चिलखत जाड केलं, म्हणजे आधीच्या गाड्यांनी युद्धात इथे मार खाल्ला होता हे त्यातून कळतं. मला या गाड्यांमधली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे, प्रत्येक बदलामागे कुणाला तरी काहीतरी सोसावं लागलेलं असतं.

बॉडी बघताना मागच्या बाजूला नीट बघा. जुन्या नमुन्यात टरेटच्या मागे उघडा पाटा असतो, सामान, पाणी, पेट्रोलचे डबे, दोर, फळ्या ठेवायला. भारतीय नमुन्यात वरचं चिलखत लांबवलेलं असतं. रिव्हेटच्या रांगा बोटाने नाही तर डोळ्याने मोजत जा, जिथे रांग मध्येच तुटते, पत्र्याची जाडी बदलते किंवा जुनी भोकं बुजवलेली दिसतात तिथे काहीतरी काढलंय किंवा लावलंय. हे फोटो जवळून काढा, बाजूने उजेड येत असेल अशा वेळी, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं.

आणि मग टरेट. टरेट सगळ्यात जास्त बोलतं म्हणून इथे वेळ द्या.

गोल, वरच्या कडेला उतरतं कापलेलं, एकच मशीनगन असलेलं टरेट म्हणजे मूळ नौदलाचा नमुना, आणि १९२० चा नमुनाही लांबून बराच तसाच दिसतो, म्हणून चाक आणि रेडिएटर सोबत बघायला सांगितलं. टरेटवर कमांडरसाठी छोटी टोपी म्हणजे क्युपोला असेल तर १९२० चा सुधारलेला मार्क एक-ए किंवा १९२४ चा नमुना. टरेट घुमटासारखं असेल आणि त्याला चारही बाजूंना मशीनगन बसवून फिरवता येईल अशा गोल खोबणी असतील तर तो भारतीय नमुना. चार खोबणी पण गन चार असतीलच असं नाही, एक काढून दुसरीकडे लावता येते. सरहद्दीवरचे रस्ते दरीतून जातात आणि गोळी वरच्या कड्यावरून कुठूनही येते, तिथे हा घुमट आणि ह्या चार खोबणी किती कामाच्या ते खैबरचा साधा फोटो बघितला तरी लक्षात येतं. आणि टरेटला वर छतच नसेल, आतून एक लांब बारीक नळी आणि शेजारी एक हलकी मशीनगन डोकावत असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धातली वाळवंटातली गाडी. लांब नळी म्हणजे बॉइज रणगाडाविरोधी रायफल, शेजारी ब्रेन, आणि सोबत धुराचे गोळे फेकायची सोय.

इथे एक सापळा आहे तो आत्ताच सांगतो. भारतात घुमटाचं टरेट फक्त रोल्सला नव्हतं, क्रॉसली कंपनीच्या चेसिसवरच्या भारतीय आर्मर्ड कारलाही असाच घुमट होता आणि भारतात त्या जास्त संख्येने होत्या. जुना अंधूक फोटो असेल तर घुमट बघून लगेच रोल्स म्हणू नका. बोनेट आणि रेडिएटरचा आकार बघा, चाकं बघा. त्यातही अजून एक गंमत अशी की १९३९ च्या सुमाराला क्रॉसलीच्या चेसिस थकल्यावर त्यांच्या बॉड्या उचलून शेव्हर्लेच्या चेसिसवर बसवल्या. म्हणजे घुमट जुना, गाडी नवी.

अंगाची तपासणी झाली की दुसरं काम, गाडी कुणाच्या हाताखाली होती ते शोधायचं. हे का महत्त्वाचं? कारण कागद गाडीच्या नावाने लावलेले नसतात, तुकडीच्या नावाने असतात. तुकडी कळली की तारीख कळते, तारीख कळली की जागा कळते. आणि या गाड्या इतक्या हातातून गेल्या की क्रम माहीत नसेल तर माणूस चुकीच्या कपाटात शोधत बसतो.

क्रम असा. सुरुवातीला नौदल. नौदलाने १२-१२ गाड्यांचे सहा स्क्वाड्रन उभे केले. एक फ्रान्सला गेला पण तिथे खंदक खणले गेले आणि गाडीला रस्ताच उरला नाही. एक जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत म्हणजे आजच्या नामिबियात गेला, तिथे २६ एप्रिल १९१५ ला ट्रेककोप्येसच्या लढाईत या गाड्यांनी जर्मन हल्ला परतवायला मोठा हात दिला. दोन तुर्कस्तानात गॅलिपोलीला गेले, तिथे डोंगर आणि खंदक, गाड्यांचा काही उपयोग झाला नाही. ऑगस्ट १९१५ पासून नौदलाने हे आवरतं घेतलं आणि गाड्या लष्कराला दिल्या, त्यांच्या लाईट आर्मर्ड मोटर बॅटऱ्या झाल्या आणि त्या मशीन गन कोअरमध्ये गेल्या. म्हणजे १९१५ च्या मध्यापर्यंतचे कागद नौदलाच्या दप्तरात, नंतरचे लष्कराच्या. ही तारीख वहीत लाल पेनाने लिहून ठेवा.

लष्कराकडे आल्यावर या गाड्यांना खरी जागा मिळाली ती वाळवंटात. इजिप्तच्या पश्चिम सीमेवर सेनुसींविरुद्धच्या म्हणजे लिबियातल्या एका मुस्लिम पंथाच्या लढवय्यांविरुद्धच्या मोहिमेत ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या गाड्या होत्या. टारा नावाचं ब्रिटिश जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं होतं आणि त्यावरचे खलाशी लिबियात बीर हकीमला कैदेत उपाशी पडले होते. १७ मार्च १९१६ ला या गाड्यांच्या काफिल्याने अनोळखी वाळवंटातून शंभरावर मैल कापून त्यांना सोडवून आणलं. हीच जागा २६ वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात फ्री फ्रेंच सैन्याच्या लढाईमुळे गाजली, त्यामुळे सर्च करताना साल टाकायला विसरू नका, नाहीतर सगळं १९४२ चंच येतं. पुढे १९१७-१८ मध्ये अरबस्तानातल्या हेजाझमध्ये ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स (लॉरेन्स ऑफ अरेबिया) आणि अरबांबरोबर तुर्कांच्या रेल्वेवर हल्ले करायलाही रोल्स होत्या.

मेसोपोटेमियाचं म्हणजे आजच्या इराकचं मात्र आपल्या लोकांनी विशेष बघावं, कारण त्याच मोहिमेत १०३, ११०, ११७ अशा मराठा पलटणी लढल्या, टेसिफॉन आणि कुतपर्यंत गेल्या आणि आपल्या गावागावातली माणसं तिथे राहिली. आर्मर्ड गाड्या तिथे जोरात दिसतात त्या नंतरच्या टप्प्यात. मार्च १९१८ मध्ये खान बगदादीला तुर्कांचा पाडाव झाल्यावर आठव्या बॅटरीच्या गाड्या युफ्रेटिसच्या काठाने आना गावाच्याही पुढे पळत गेल्या आणि काही दिवसांपूर्वी पकडलेल्या कर्नल टेनंट या विमानदलाच्या अधिकाऱ्याला सोडवून आणलं. कॅप्टन टॉड हे त्या तुकडीचे प्रमुख. घोडदळाला हे जमलं नसतं, इतक्या अंतराला घोडा थकतो. घरी पणजोबा बसऱ्याला होते असं नुसतं ऐकलं असेल तर पलटणीचा नंबर आणि साल शोधा, मग या गाड्या त्यांच्या आसपास होत्या की नाही ते जुळवता येतं.

युद्ध संपल्यावरची नोकरी हा भाग बहुतेक लिखाणात दोन ओळीत उरकलेला असतो आणि मला तेच पटत नाही, कारण या गाडीने शांततेच्या काळात जास्त वर्षं काढली आणि ती शांतता कुणाची होती हे विचारायलाच पाहिजे. या काळात गाड्या मुख्यतः तीन जणांकडे. एक टँक कोअरच्या आर्मर्ड कार कंपन्या, ज्या भारतातही होत्या. दुसरं विमानदल, कारण १९२२ पासून इराकचा ताबा ब्रिटिशांनी विमानदलाकडे दिला आणि विमानांच्या जोडीला जमिनीवर स्वतःच्या आर्मर्ड कार कंपन्या ठेवल्या. तिसरं आयर्लंड. १९२८ मध्ये अकराव्या हुसार्स आणि बाराव्या लान्सर्स या दोन ब्रिटिश घोडदळ रेजिमेंटनी घोडे सोडून आर्मर्ड गाड्या घेतल्या, मग चौथं दप्तर घोडदळाचं.

भारतातलं बघायचं तर नगरचं नाव इथे येतंच. १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरचं स्कूल अहमदनगरला आलं आणि तेव्हापासून हे गाव चिलखती दलाचं गाव आहे, आता अहिल्यानगर नाव झालं तरी आर्मर्ड कोअर सेंटर तिथेच आहे. १९३८ मध्ये तेरावी लान्सर्स आणि सिंध हॉर्स या पहिल्या भारतीय घोडदळ रेजिमेंटनी घोडे सोडले, आणि त्यांच्या हातात आर्मर्ड गाड्या आल्या.

पण या गाड्या लढल्या कुणाशी? सरहद्दीवर टोळ्यांशी लढल्या हे खरंच, पण २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात आर्मर्ड गाड्या निःशस्त्र गर्दीत घातल्या, माणसं चिरडली, गोळीबार झाला, आणि गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या जवानांनी गोळ्या झाडायला नकार दिला. हे गाडीच्या सेवेच्या नोंदीत आलंच पाहिजे. नुसतं सरहद्दीवर सेवा असं लिहून पुढे जाऊ नका.

याच्याशी जोडलेलं एक उदाहरण देतो, म्हणजे वर सांगितलेलं वयाचं गणित कसं वापरायचं ते कळेल. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला डायर दोन आर्मर्ड गाड्या घेऊन आला होता, बोळ अरुंद म्हणून त्या आत जाऊ शकल्या नाहीत, बाहेर राहिल्या. आता समजा कुणी तुम्हाला घुमटाच्या टरेटची भारतीय नमुन्याची रोल्स दाखवली आणि म्हणाला हीच ती गाडी. काय कराल? साल बघायचं. भारतीय नमुना १९२० च्या नमुन्यावर बेतलेला आहे, म्हणजे १९१९ मध्ये तो अस्तित्वातच नव्हता, त्या रूपात ती गाडी तिथे असूच शकत नाही. राहिला प्रश्न खालच्या चेसिसचा, तर ती जुनी असू शकते, पण मग चेसिस नंबर आणि त्या नंबरची १९१९ ची अमृतसरची नोंद दोन्ही हवं. ते नसेल तर अशी गोष्ट पुढे पाठवू नका. इतक्या माणसांच्या मरणाची गोष्ट आहे, ती अंदाजाने कुठल्याही गाडीला चिकटवणं बरोबर नाही.

एका गाडीची नोकरी शेवटपर्यंत कशी लावता येते हे बघायचं असेल तर आयर्लंडकडे बघा. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट या नव्या आयरिश राज्याला ब्रिटिशांकडून १३ रोल्स मिळाल्या. त्यांनी गाड्यांना नुसते नंबर नाही तर नावंही दिली, आणि नावामुळेच माग काढणं सोपं झालं. त्यातली एक स्लीव्ह ना मॉन, एका डोंगराचं नाव आहे ते, नंबर एआरआर २. २२ ऑगस्ट १९२२ ला, यादवी युद्ध चालू असताना, नव्या सरकारचे सेनापती मायकेल कॉलिन्स कॉर्कमध्ये बेल ना ब्लाथला दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारले गेले तेव्हा त्यांच्या काफिल्यात ही गाडी होती आणि ऐन लढाईत तिची व्हिकर्स अडकली. तिच्यावरचा गनर जॉक मॅकपीक नावाचा स्कॉटिश माणूस, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गाडीसकट यादवीतल्या विरोधी बाजूला जाऊन मिळाला, मग सैन्याने शोधून गाडी परत आणली. पुढे या तेरा गाड्या १९४४ पर्यंत आयरिश सैन्यात होत्या, आणि थांबल्या कशामुळे तर नवे टायर मिळेनात म्हणून. १९५४ मध्ये बारा गाड्यांची मोडतोड करून विकल्या आणि स्लीव्ह ना मॉन तेवढी ठेवली, ती आजही आयरिश सैन्याच्या करा (Curragh) कॅम्पमध्ये जपलेली आहे. बघा, लढाईने थांबवल्या नाहीत त्या गाड्या टायरने थांबवल्या. तुमच्या गाडीच्या नोंदीत सेवा कधी संपली याच्यासोबत का संपली हाही रकाना ठेवा, त्यात फार माहिती मिळते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ७६ रोल्स ब्रिटिशांच्या सेवेत होत्या, पंचवीस वर्षं जुन्या डिझाइनच्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्याबरोबर अकराव्या हुसार्सच्या रोल्स आणि मॉरिस गाड्या इजिप्त-लिबिया सीमेवरचं तारेचं कुंपण तोडून पलीकडे शिरल्या आणि पहिले इटालियन कैदी घेऊन आल्या. वर सांगितलेलं उघडं टरेट याच गाड्यांचं. १९४१ च्या अखेरीपर्यंत नव्या गाड्या आल्या आणि रोल्स पुढच्या फळीतून निघाल्या. भारतीय नमुन्याच्या काही गाड्या भारतात आणि ब्रह्मदेशात वापरात होत्या.

मे १९४१ चं इराक मात्र सोडू नका, कारण चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी हे शिकायला याच्याहून चांगला धडा नाही. ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या रशीद अलींच्या इराकी सैन्याने हब्बानियाचा ब्रिटिश विमानतळ वेढला तेव्हा आत विमानदलाच्या पहिल्या आर्मर्ड कार कंपनीच्या १८ जुन्या रोल्स होत्या. त्यांच्या मदतीला पॅलेस्टाइनकडून जो ताफा वाळवंट ओलांडून आला त्यात विमानदलाच्या दुसऱ्या कंपनीच्या फोर्डसन आर्मर्ड गाड्या होत्या. आणि ह्या फोर्डसन म्हणजे काय, तर इजिप्तमध्ये रोल्सच्या चेसिस थकल्या म्हणून वरची चिलखती बॉडी उचलून फोर्डसन ट्रकच्या चेसिसवर बसवलेली. म्हणजे वेढ्याच्या आत अस्सल रोल्स, बाहेरून आलेल्या वरून रोल्स आणि खालून फोर्डसन, एकाच महिन्यात, एकाच लढाईत. फोटो बघताना टरेटवर थांबलात तर दोन्ही सारख्या वाटतील, बोनेट आणि चाकं बघा की लगेच वेगळ्या होतात.

आता कागद कुठे शोधायचे. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी तुकड्यांच्या युद्ध-डायऱ्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या मध्यपूर्वेतल्या तुकड्यांच्या डब्ल्यूओ १६९ मध्ये. विमानदलाच्या कंपन्यांच्या नोंदी ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक या नावाने शोधा, डायरी म्हणून शोधलंत तर सापडणार नाही. भारतातल्या गाड्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या बघता येतं, आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत. आयर्लंडसाठी डब्लिनचं मिलिटरी आर्काइव्हज. चेसिस नंबर हाती लागला तर रोल्स-रॉईसप्रेमींच्या इंग्लंडमधल्या क्लबकडे जुन्या चेसिसची कार्डं आहेत, त्यांना लिहा. शोधताना फक्त रोल्स-रॉईस टाकू नका, तुकडीचं नाव टाका, कारण डायरी लिहिणाऱ्याने नुसतं कार किंवा आर्मर्ड कार असंच लिहिलेलं असतं.

फोटोसाठी लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमची साइट उत्तम. फोटोच्या नंबरआधीचं अक्षर बघायची सवय लावा, क्यू असेल तर पहिल्या महायुद्धाचा संग्रह आणि ई असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिका-मध्यपूर्वेतले लष्करी फोटोग्राफर. फोटो मोठा करून आधी कोपरे बघा, गाडी नंतर. मागे उभ्या माणसाच्या डोक्यावर सोला हॅट आहे की बेरे, जमीन खडकाळ आहे की रेताड, शेजारच्या ट्रकची कंपनी कुठली, यावरून साल कितीतरी जवळ येतं. फोटोखालची ओळ फोटोग्राफरने लिहिलेली असेल तर विश्वास ठेवा, नंतर कुणी टाकलेली असेल तर ताडून बघा.

नगरला जाणार असाल तर म्युझियम फराहबागच्या जवळ आहे, लष्कराच्या ताब्यातलं असल्याने वेळ आणि फोटोचे नियम आधी विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. आत गेल्यावर गाडीच्या चारही बाजू, चाक, रेडिएटर, टरेटची प्रत्येक खोबणी आणि शेवटी पाटी असे फोटो त्याच क्रमाने घ्या, घरी येऊन जुळवताना गोंधळ होत नाही. तिथल्या जवानांशी बोला, काही जणांना आपल्या गाड्यांविषयी मनापासून सांगायचं असतं.

आणि हे सगळं वहीत उतरवताना चार उभे रकाने करा, चेसिस, बॉडी, टरेट, चाकं, आणि आडव्या ओळीत साल टाकत जा. ज्याला कागदाचा आधार आहे ते पेनाने, जे फक्त नमुन्यावरून वाटतंय ते पेन्सिलीने. रकाने एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नका, खोडून जुळवू तर अजिबात नका, जिथे ते जुळत नाहीत तिथेच गाडी वर्कशॉपमध्ये गेली होती आणि तिची पुढची बदली तिथूनच सुरू होते.

घरात कुणी चिलखती दलात होतं असं असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद आधी स्कॅन करून ठेवा, शाई उडत चाललेली असते. त्यातली तुकडी आणि तारखा तुमच्या त्याच तक्त्यात पाचवा रकाना करून टाका. कुणा आजोबांची १९३८ ची तेरावी लान्सर्स निघाली तर घोड्यावरून गाडीत बसलेल्या पहिल्या भारतीय जवानांपैकी ते एक होते, आणि तसा एखादा फोटो ट्रंकेत असेल तर त्याची मागची बाजू वाचल्याशिवाय फ्रेममध्ये घालू नका.